मध्यस्थीला जाताना

सुमे, तुझा नि दादाचा वाटणीचा दावा कोर्टानं मध्यस्थीकडं पाठवला म्हणून हबकू नकोस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्येच तशी सोय आहे. मामाचं एवढं ध्यानात ठेव.

मध्यस्थ निकाल देत नाही. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ दोघांना बोलतं करतो. तुझ्या संमतीशिवाय तिथं काहीच ठरत नाही. म्हणून खरं कोण, हे त्याला पटवत बसू नकोस. तुला काय हवंय ते सांग.

स्वतः जा. वकील सोबत असू देत, पण बोल तू. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा जवळ ठेव. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे पक्कं ठाऊक असू दे. भिडेपोटी हक्कसोडीवर सही करू नकोस.

आधी सगळे एकत्र बसतात, मग मध्यस्थ एकेकाला वेगळं बोलावतो. तिथं सांगितलेलं तू हो म्हटल्याशिवाय पलीकडं जात नाही. तिथं मन मोकळं कर. दोन गुंठे जास्त हवेत, की विहिरीचं पाणी आणि शेतात जायची वाट? हे आधीच मनाशी ठरव.

तिथलं बोलणं कोर्टात पुरावा होत नाही. दादानं काही कबूल केलं तरी मोबाईलवर रेकॉर्ड करायचं नाही. तुझ्याही बोलण्याला तेच संरक्षण आहे.

जमलं तर तडजोड लिहिताना घाई नको. ‘विहीर सामाईक’ एवढ्यावर भागत नाही. पाळी कुणाची कोणत्या वारी, मोटारीचं वीजबिल कोण भरणार, वाट किती फुटांची आणि कोणत्या बांधावरून, गट नंबर, चतुःसीमा, सगळं लिहून घे. कोऱ्या कागदावर सही नाही. तडजोडीवर हुकूमनामा झाला की सहसा अपील चालत नाही. मुद्रांक, नोंदणी आणि कोर्ट फीच्या परताव्याचं वकिलांना विचार. मग तलाठ्याकडं फेरफाराच्या मागं लाग.

नाहीच जमलं, तर मध्यस्थ ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कोर्टाला कळवतो आणि दावा पुढं चालतो. तुझं काही बिघडत नाही.

कोर्ट हिस्से पाडून देईल गं, पण पाण्याची पाळी मोडायची नाही, हे तुम्हा बहीणभावांनीच पाळायचंय. म्हणून दादा समोर बसला की पहिला शब्द तू काढ.