झाशीहून जागतिक परिषदेपर्यंत : तरुण मत्स्यशास्त्रज्ञांसाठी प्रवास अनुदान

भारताच्या कृषी अर्थव्यवस्थेत मत्स्यव्यवसायाचे स्थान गेल्या दशकात झपाट्याने उंचावले आहे. 2013-14 मध्ये देशाचे मत्स्योत्पादन सुमारे 96 लाख टन होते. 2023-24 मध्ये ते 184 लाख टनांपर्यंत पोहोचले. जगातील मत्स्योत्पादक देशांत भारत दुसऱ्या क्रमांकावर असून एकूण उत्पादनापैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा नद्या, तलाव, जलाशय व शेततळी अशा भूजलाशयीन क्षेत्राचा आहे. 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. बंदरे, शीतगृहे, तळी व मत्स्यबीज केंद्रे यांवरील गुंतवणुकीची चर्चा नेहमी होते. मात्र या साधनांचा उपयोग कसा करावा हे शोधून काढणाऱ्या तरुण शास्त्रज्ञावरील गुंतवणूक दुर्लक्षित राहते. परदेशातील परिषदेस जाण्यासाठी त्याला मिळणारे प्रवास अनुदान हा या गुंतवणुकीचाच एक छोटा, परंतु उद्बोधक भाग आहे.

बुंदेलखंड : पाणी आहे, ज्ञान हवे

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती नेवाळकरांची राजधानी आणि राणी लक्ष्मीबाईंची कर्मभूमी म्हणून. आज तेथे कृषी संशोधनाच्या महत्त्वाच्या संस्था आहेत. भारतीय चराई व चारा संशोधन संस्था 1962 पासून येथे कार्यरत आहे. 2014 च्या केंद्रीय कायद्याने राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ झाशी येथे स्थापन झाले. या विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय झाशीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, मध्य प्रदेशातील दतिया येथे आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर भूगोलात आहे. बेतवा नदीवर पारीछा व माताटीला ही धरणे आहेत. महोब्याचे कीरत सागर व मदन सागर हे चंदेलकालीन तलाव, तसेच झाशी जिल्ह्यातील बरुआसागर ही या प्रदेशाची जुनी जलसंपत्ती होय. पाऊस बेभरवशाचा असल्याने अनेक लहान तलावांत वर्षातील काही महिनेच पाणी टिकते. अशा अल्पकालीन पाण्यात कोणत्या जातीचे, किती आकाराचे बीज, केव्हा सोडावे, हा येथील संशोधनाचा कळीचा प्रश्न आहे. विदर्भातील भंडारा, गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांचा प्रश्नही बराचसा असाच आहे.

याच प्रश्नावर अन्यत्र काम झालेले आहे. श्रीलंकेच्या कोरड्या प्रदेशात हंगामी ग्रामतलावांत बीज सोडून मत्स्योत्पादन घेण्याचा दीर्घ अनुभव आहे. तो अनुभव छापील लेखांत अंशतः सापडतो. कोणते प्रयोग फसले, बीज वेळेवर का पोहोचले नाही, तलावावरील हक्कांचे वाद कसे सुटले, हे मात्र ते काम करणाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलल्यानेच कळते. अर्थशास्त्रात अशा ज्ञानाला अलिखित किंवा अव्यक्त ज्ञान म्हणतात.

ज्ञानाच्या प्रवासाचे एक उदाहरण

भारतीय मत्स्यव्यवसायाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1957 पूर्वी कटला, रोहू व मृगळ यांचे बीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे. ते अनिश्चित असे आणि त्यात नको त्या जातींची भेसळ होई. त्याच वर्षी 10 जुलै रोजी डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

या तंत्राचे मूळ भारताबाहेरचे होते. ईशान्य ब्राझील हाही दुष्काळी प्रदेश. तेथील जलाशयांत मासे वाढविण्यासाठी रोडोल्फो फॉन इहेरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात पीयूष ग्रंथीच्या साहाय्याने माशांचे प्रजनन घडवून आणले होते. एका दुष्काळी प्रदेशाच्या गरजेतून विकसित झालेली पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या माशांसाठी व आपल्या हवामानासाठी नव्याने घडविली. पुढे नॉर्वेतील संशोधकांच्या सहकार्याने भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने रोहूची सुधारित जात तयार केली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1997 मध्ये, ती ‘जयंती’ या नावाने प्रसिद्ध झाली. शास्त्रीय ज्ञान आपोआप वाहत येत नाही. ते आणणारी, पारखणारी व रुजविणारी माणसे लागतात.

खर्च शासनाने का करावा?

मानवी भांडवलाची संकल्पना थिओडोर शुल्झ (नोबेल, 1979) आणि गॅरी बेकर (नोबेल, 1992) यांनी रूढ केली. शिक्षण व प्रशिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हे तिचे सार. बेकर यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. विशिष्ट प्रशिक्षण एकाच संस्थेत उपयोगी पडते. सर्वसाधारण प्रशिक्षण कोठेही उपयोगी पडते. परिषदेतून मिळणारे कौशल्य व संपर्क दुसऱ्या प्रकारात मोडतात. संशोधक उद्या दुसऱ्या संस्थेत गेला तर हा लाभ त्याच्याबरोबर जातो. म्हणून कोणतीही एक संस्था हा खर्च पुरेशा प्रमाणात करीत नाही.

दुसरे कारण धनात्मक बाह्यतेचे आहे. दतियाच्या संशोधकाने बीज सोडण्याची अधिक चांगली पद्धत शिकून घेतली, तर तिचा लाभ तलावावर उपजीविका करणाऱ्या ढीमर, केवट कुटुंबांना मिळतो. ती कुटुंबे त्या परिषदेचे शुल्क भरणार नाहीत. खाजगी लाभापेक्षा सामाजिक लाभ अधिक असेल तेथे केवळ बाजारावर विसंबल्यास गुंतवणूक इष्टतम पातळीपेक्षा कमी होते. सार्वजनिक अनुदानाचे समर्थन येथे सापडते.

परिषदांचा खरोखर उपयोग होतो का, याचाही अभ्यास झाला आहे. 2012 मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेची न्यू ऑर्लिन्स येथील वार्षिक सभा आयझॅक चक्रीवादळामुळे ऐनवेळी रद्द झाली. सादर होऊ न शकलेल्या निबंधांची तुलना एरवी पार पडलेल्या सभांतील निबंधांशी करून संशोधकांनी परिषदेचा परिणाम मोजला. परिषदेमुळे निबंधांचे वाचन व उल्लेख वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा अनपेक्षित घटनेचा उपयोग करून कार्यकारणसंबंध तपासण्याच्या पद्धतीला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

अनुदानाचे प्रमुख स्रोत

भारतात तरुण संशोधकांसाठी सर्वांत परिचित योजना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची (एसईआरबी) आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना होय. तिच्यात 35 वर्षांपर्यंतच्या संशोधकांना शोधनिबंध स्वीकारला गेल्यास विमानाचे इकॉनॉमी वर्गाचे भाडे, नोंदणी शुल्क व व्हिसा शुल्क देण्याची पद्धत होती. 2008 च्या कायद्याने स्थापन झालेले हे मंडळ 2023 च्या कायद्यानुसार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनीही प्रवासासाठी साहाय्य दिले आहे.

दुसरा स्रोत व्यावसायिक संघटनांचा आहे. 1870 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिशरीज सोसायटीचा स्किनर स्मृती निधी विद्यार्थ्यांना वार्षिक सभेसाठी प्रवास पुरस्कार देतो. फिशरीज सोसायटी ऑफ द ब्रिटिश आइल्स ही संस्थाही आपल्या सदस्यांना प्रवास अनुदान देते. शासकीय अनुदान बहुधा पात्रतेवर, तर संघटनांचे पुरस्कार स्पर्धेवर आधारलेले असतात. पुरस्काराला गुणवत्तेच्या संकेताचे मूल्यही असते. पुढील नियुक्तीत तो उपयोगी पडतो.

रचनेतील त्रुटी

योजना कागदावर सर्वांना खुली असली, तरी तिचा लाभ कोणाला मिळेल हे तिच्या रचनेवर ठरते. पहिली अडचण प्रतिपूर्तीची. अनेक योजनांत खर्च आधी संशोधकाने करावयाचा आणि परतल्यावर देयके सादर करून रक्कम मिळवावयाची असते. केंद्र सरकारच्या संशोधन प्रकल्पांतील कनिष्ठ संशोधन अधिछात्राला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. समजा, भाडे, नोंदणी व व्हिसा मिळून दीड लाख रुपये लागतात. म्हणजे चार महिन्यांची संपूर्ण अधिछात्रवृत्ती आगाऊ गुंतवावी लागेल. घरची स्थिती बरी असलेल्याला हे शक्य आहे. मच्छीमार कुटुंबातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला उसनवारीशिवाय ते शक्य नाही. अनुदान मंजूर होऊनही तो जाऊ शकत नाही. अर्थशास्त्रात याला तरलतेची मर्यादा म्हणतात. येथे गुणवत्तेची चाळणी नकळत संपत्तीची चाळणी बनते.

दुसरी अडचण माहितीच्या विषमतेची. मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 मध्ये स्थापन झाली आणि 1989 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे परदेशी परिषदांना जाऊन आलेल्या वरिष्ठांची परंपरा आहे. कोणती परिषद निवडावी, सारांश कसा लिहावा, अर्ज किती महिने आधी करावा, हे तेथील विद्यार्थ्याला सहज कळते. नव्या, लहान महाविद्यालयात हे सांगणारे कोणी असेलच असे नाही. ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळत जाते, या प्रवृत्तीला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले.

तिसरी अडचण मोजमापाची. किती जण गेले व किती रक्कम खर्ची पडली एवढाच हिशेब ठेवला, तर ते निविष्टीचे मोजमाप झाले, फलिताचे नव्हे.

परिषदच जवळ आली तर

परदेशात जाणे हा एकमेव मार्ग नाही. 1984 मध्ये मनिला येथे स्थापन झालेल्या एशियन फिशरीज सोसायटीचा आठवा मत्स्यव्यवसाय मंच 2007 मध्ये कोची येथे, तर चौदावा फेब्रुवारी 2025 मध्ये नवी दिल्ली येथे भरला. नववी जागतिक मत्स्यव्यवसाय परिषद मार्च 2024 मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे झाली. झाशीहून दिल्ली रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर आहे. व्हिसा लागत नाही. सिॲटलला एका संशोधकास पाठविण्याच्या खर्चात दिल्लीच्या परिषदेस अनेक विद्यार्थी पाठविता येतात. हा संधी परिव्ययाचा प्रश्न आहे. तथापि दोन्ही पर्याय पूर्णतः परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. घरच्या परिषदेत अनेकांना तोंडओळख होते. परदेशातील प्रवासात तेथील तलाव, मत्स्यबीज केंद्रे व सहकारी संस्था प्रत्यक्ष पाहता येतात.

सुधारणांची दिशा

प्रथमतः, मंजूर रकमेचा मोठा भाग आगाऊ द्यावा किंवा तिकीट व नोंदणी शुल्काची रक्कम संस्थेमार्फत थेट भरली जावी. या बदलाला फारसा जादा निधी लागत नाही. केवळ रक्कम देण्याची वेळ बदलते. दुसरे, प्रथमच परदेशी जाणाऱ्या आणि लहान संस्थांतील अर्जदारांसाठी काही जागा राखाव्यात. तिसरे, परिषदेस जोडून काही दिवसांची क्षेत्रभेट घेण्यास उत्तेजन द्यावे. चौथे, परतल्यावर संशोधकाने आपल्या संस्थेत व्याख्यान द्यावे आणि स्थानिक मत्स्य सहकारी संस्थांसाठी त्यांच्या भाषेत टिपण तयार करावे, अशी अट असावी. वर्ष-दोन वर्षांनी त्यातील काय वापरले गेले, याची नोंद घेता येईल.

स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे तीन प्रश्नांच्या चौकटीतून पाहावे. सार्वजनिक खर्चाचे समर्थन कोणते? तो खर्च प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचतो? त्याचे फलित कसे मोजावे? शिष्यवृत्ती, कौशल्यविकास वा कृषिविस्तार या कोणत्याही योजनेचे परीक्षण याच प्रश्नांनी करता येते. बुंदेलखंडापुरते बोलावयाचे तर केन-बेतवा जोडप्रकल्पाची कोनशिला डिसेंबर 2024 मध्ये बसविण्यात आली असून या प्रदेशातील पाण्याचे चित्र पुढील काळात बदलण्याची अपेक्षा आहे. त्या पाण्यातून प्रथिने व रोजगार निर्माण करावयाचा तर दतियातील तरुण संशोधकाला जगातील समदुःखी प्रदेशांचा अनुभव वेळेवर मिळणे अगत्याचे आहे. त्याला लागणारी रक्कम धरणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. ती त्याच्या हाती प्रवासापूर्वी पडावी, एवढीच दक्षता घ्यावयाची आहे.