मासे दिसावेत, वायरी नकोत

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फिशटँक आहे. फिल्टर, हीटर, दिवा आणि हवेच्या पंपाच्या वायरी-नळ्यांचं जंजाळ मागे लोंबतं. पावसाळ्यात लाइट गेली, की हवेच्या नळीतून पाणीही खाली येतं. काय करावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी सुरक्षितता, मग शोभा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा टाकीखाली ठेवू नका. टाकीच्या बाजूला भिंतीवर बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मगच वर न्या. ओघळणारं पाणी त्या झोळीच्या तळाशी थेंबाथेंबाने गळतं, प्लगपर्यंत पोचत नाही. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत हे फार महत्त्वाचं. शक्य असेल तर टाकीच्या विजेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

लाइट गेल्यावर पंप थांबतो आणि पाणी नळीतून उलटं उतरतं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकेरी झडप (चेक व्हॉल्व्ह) घाला. तिची दिशा तपासा. उलटी बसली तर हवाच अडेल.

आता शोभा. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. वायरी आणि नळ्या वेगवेगळ्या बांधा, वायरिंगच्या प्लॅस्टिक पट्टीतून कोपऱ्याने खाली उतरवा. घट्ट केबल टायऐवजी वेल्क्रो पट्ट्या वापरा, म्हणजे सफाईच्या वेळी सोडवणं सोपं जातं. प्रत्येक प्लगवर नावाची चिठ्ठी लावा.

आणि टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायला विसरू नका.