चाल कुठली, आवाज कुणाचा?

घरातल्या तबकड्या, कॅसेटी आणि मित्रमंडळींकडून आलेले पेनड्राइव्ह यांतलं मराठी संगीत एका हार्ड डिस्कवर लावायला घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली. काम संपलेलं नाही आणि संपेल असं वाटतही नाही, पण हात बसला आहे. नाट्यपदं, अभंग, भावगीतं जमवणाऱ्यांच्या उपयोगी पडतील म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि प्रत या चार वेगळ्या गोष्टी माना. बहुतेक सॉफ्टवेअरला यातली एकच कळते, ती म्हणजे फाइल. म्यूझिकब्रेन्झसारखी खुली सूची रचना आणि ध्वनिमुद्रण वेगळं धरते, हे चांगलंच आहे. पण आपल्याकडे मधला मुक्काम चालीचा असतो आणि त्याला तिथे धड जागा नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७चं नाटक घ्या. त्यातलं ‘घेई छंद’ हे पद दोन घराण्यांचा फरक दाखवण्यासाठी जितेंद्र अभिषेकींनी दोन चालींत बांधलं. शब्द तेच, पण गाणी दोन. पुढे २०१५ साली चित्रपट आला आणि दोन्ही चाली नव्या आवाजांत पुन्हा ध्वनिमुद्रित झाल्या. नुसत्या शीर्षकावर फाइली लावल्या तर या सगळ्या एकाच नावाखाली एकमेकींवर चढून बसतात. अभंगांत हा गुंता आणखी वाढतो, कारण शब्द संतांचे आणि चाली पिढ्यापिढ्यांच्या. पसायदानाच्या किती चाली आपल्या कानांवरून गेल्या आहेत, आठवून बघा. म्हणून मी चालीसाठी स्वतंत्र रकाना ठेवला आहे. संगीतकार माहीत असेल तर त्याचं नाव लिहायचं, नाहीतर ‘पारंपरिक’. राग ओळखता आला तर तोही तिथेच. प्रत म्हणजे तेच ध्वनिमुद्रण तबकडीवरून आलं की कॅसेटवरून की सीडीवरून, एवढंच.

२. गायकाच्या रकान्यात फक्त गायक. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ‘बालगंधर्व’ असं लिहिलेली फाइल म्हणजे नारायणराव राजहंसांची मूळ तबकडी असू शकते किंवा २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातलं पद असू शकतं. त्या चित्रपटात आवाज आनंद भाटे यांचा आणि भूमिका सुबोध भावे यांची. मी तिन्ही नावं लागलेल्या फाइली पाहिल्या आहेत. ‘कट्यार’च्या चित्रपटातही खाँसाहेब दिसतात सचिन पिळगांवकर आणि गातात राहुल देशपांडे. नटाचं नाव हवंच असेल तर टिपणात जाऊ द्या.

३. नावाआधीची ‘पं.’, ‘उ.’, ‘डॉ.’ ही अक्षरं काढून वेगळी ठेवा. नाहीतर निम्मं शास्त्रीय संगीत ‘प’खाली गोळा होतं. आडनाव आधी लिहिण्याची ग्रंथालयाची शिस्तही इथे चालत नाही. आपण किशोरीताई शोधतो, भीमसेन शोधतो, वसंतराव शोधतो. यादी तशीच लागली पाहिजे.

४. वर्ष तपासल्याशिवाय लिहू नका. बालगंधर्व १९६७ साली गेले, पण ऑनलाइन मिळणाऱ्या त्यांच्या पदांपुढे दोन हजार सालानंतरची वर्षं सर्रास दिसतात. ते वर्ष पुनर्प्रकाशनाचं असतं. मूळ वर्ष सापडलं तर लिहा, अंदाज असेल तर आधी ‘सुमारे’ लावा, काहीच कळत नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकाम्या रकान्याने कुणाची फसगत होत नाही.

५. गीतरामायणाला ‘एक अल्बम’ समजू नका. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक या क्रमाने ५६ गीतं प्रसारित झाली, ती वेगवेगळ्या आवाजांत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशी मंडळी त्यांत होती. नंतर सुधीर फडक्यांनी ती सगळी एकट्याने गायली, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. शिवाय जाहीर कार्यक्रम. म्हणजे नभोवाणी, ध्वनिमुद्रिका आणि मंच असे तीन संच झाले. ते तीन वेगळ्या फोल्डरांत ठेवा, मात्र गीतांचा क्रमांक तिन्हीकडे एकच असू द्या. मग हव्या त्या गीताची तिन्ही रूपं शेजारी लावून ऐकता येतात. मंचावरचं निवेदन कापू नये, असं माझं मत आहे.

६. तबकडीचं टोकही छाटू नका. सुरुवातीच्या काळात गायक शेवटी आपलं नाव सांगत. गौहर जानची ती घोषणा प्रसिद्धच आहे. जिथे लेबल फाटलं आहे, तिथे तोच एक पुरावा उरतो. मधल्या लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांकही उतरवून घ्या. दोन तबकड्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या आहेत का, हे ठरवायला तो कानापेक्षा भरवशाचा.

वेगाकडेही लक्ष हवं. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या, आणि घरचा कॅसेट प्लेअरही कधीकधी पळतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. मग तेच ध्वनिमुद्रण वेगळं भासतं आणि जाणकार वाद घालत बसतात.

७. देवनागरी एकाच पद्धतीने टंका. ‘वाऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. ‘ॲ’चंही तेच. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घेताना संगणक एकाच तऱ्हेची गाणी समोर आणतो. रोमन नावांबद्दल तर बोलायलाच नको.

८. सारख्या फाइली शोधून पुसणाऱ्या प्रोग्रॅमला पुसण्याची परवानगी देऊ नका, यादी तेवढी मागा. खरखर काढलेली प्रत त्याला चांगली वाटते, पण खरखरीबरोबर तानपुराही गेलेला असतो. मूळ खरखरीची प्रत फ्लॅकमध्ये जपून ठेवा आणि रोजच्या ऐकण्याला साफ केलेली घ्या.

आणि एक विनंती. घरी कॅसेटी असतील तर त्या देऊन टाकण्याआधी आतल्या कार्डांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वादकांची नावं बहुतेकदा तिथेच छापलेली असतात आणि ती डाउनलोडबरोबर येत नाहीत. खाजगी मैफिलीचं ध्वनिमुद्रण असेल तर तेव्हा हजर असलेल्या कुणालातरी आजच फोन करून विचारा, साथीला कोण होतं?