‘खूप’ म्हटलं की प्रेम कमी होतं?

प्रश्न : माझी मुलगी इथे वसंतनगरच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकते आणि मुलगा मोबाइलवर स्पॅनिश. मुलगी म्हणते, फ्रेंचमध्ये ‘ज तेम’ला, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ला, ‘खूप’ जोडलं की प्रेम कमी होतं. मुलगा मला ‘ते किएरो’ म्हणतो आणि अर्थ सांगतो, ‘तू मला हवीस’. हे काय गौडबंगाल आहे?
– एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : मुलीचं अगदी बरोबर आहे. मुलाने अर्धंच सांगितलं.

आधी फ्रेंच. ‘एमे’ हे एकच क्रियापद ‘आवडणे’ आणि ‘प्रेम करणे’ या दोन्ही कामांना जुंपलेलं आहे. पुढे चॉकलेट असलं की आवड. माणूस असला आणि क्रियापद एकटंच असलं, तर प्रेम, तेही पूर्ण. जे पूर्णच आहे त्याला माप लावलं की त्याला मर्यादा पडते. म्हणून ‘ज तेम बोकू’, म्हणजे शब्दशः ‘खूप’, हे मैत्रीच्या खात्यात जातं. ‘ज तेम बियँ’ तर त्याहून खाली, ‘तू बरा वाटतोस’ इतपत. ‘मुलगा चांगला आहे’ आणि ‘मुलगा तसा चांगला आहे’ यांतलं अंतर स्थळं पाहिलेल्या कुठल्याही घराला ठाऊक असतं, तेच हे. मात्र ही कपात माणसांपुरती. कॉफीबद्दल ‘बोकू’ म्हटलं तर कॉफी खरोखरच खूप आवडते.

‘ज तादोर’मधलं क्रियापद शब्दकोशात पार पूजेपर्यंत पोचतं, म्हणून ते सर्वांत वरचं असं नवशिक्यांना वाटतं. प्रत्यक्षात सिनेमापासून केकपर्यंत कशालाही लावून ते हलकं झालं आहे.

आता स्पॅनिश. ‘केरेर’ म्हणजे ‘हवं असणं’ हे खरं. ‘किएरो आग्वा’ म्हटलं की पाणी मिळतं. ‘केरेर’चं मूळ लॅटिनमधल्या ‘शोधणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. माणूस जे शोधतो ते त्याला हवं असतं, आणि जो माणूस हवासा वाटतो त्याच्यावर जीव जडतो. तेव्हा समोर माणूस असला की ‘ते किएरो’चा अर्थ ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ असाच होतो. आई, मित्र, बायको, कोणालाही चालतं. इथे ‘मूचो’, म्हणजे ‘खूप’, जोडल्याने काही घटत नाही. मित्रमैत्रिणी तर ‘ते किएरो मूचो’ची नुसती आद्याक्षरं निरोपात लिहून मोकळे होतात.

‘ते आमो’ याहून वजनदार, पण ‘म्हणून तेच जास्त चांगलं’ हा गैरसमज. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात ते पुष्कळांना नाटकी वाटतं. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत इतरत्रही जोडपी ते सहज म्हणतात, घरातली माणसंही.

शिकताना मधे इंग्रजी आणलं की गोंधळ वाढतो. स्पॅनिश ‘मे गुस्तास’ची रचना इंग्रजीतून शिकणाऱ्याला उलटी वाटते. आपल्याला ती घरचीच आहे : ‘मला तू आवडतोस’. आंबा एक असला तर ‘मे गुस्ता’, अनेक असले तर ‘मे गुस्तान’, जसं आपण ‘आवडतो’ आणि ‘आवडतात’ म्हणतो. तुमच्या शेजारच्या कन्नड घरातलं ‘ननगे इष्ट’सुद्धा ‘मला’पासूनच सुरू होतं. उच्चारातही फायदा आहे. दोन्ही भाषांतला ‘त’ आपल्या ‘त’सारखा दंत्य, इंग्रजी ‘ट’ नव्हे. आणि ‘किएरो’ला ‘क्विएरो’ म्हणू नये. तिथला ‘यू’ फक्त लिहायचा असतो.

तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाच्या कार्डावर फ्रेंच लिहायचं असेल तर ‘ज तेम’वर थांबा. मुलाला ‘ते किएरो’ खुशाल म्हणू द्या. ‘मे गुस्तास’ मात्र त्याने मावशीला म्हणू नये. माणसाबद्दल बोलताना त्यात बहुधा ओढ असते, आपुलकी नव्हे.