थार-बोलेरोच्या मागच्या एक्सलला किती पैसे लागतात?

मागच्या एक्सलमधलं तेल बदलायला साधारणपणे दीड-दोन हजारांच्या वर खर्च येत नाही. ते तेल विसरलं आणि काळ्या मातीच्या गाऱ्यात गाडी रेटत राहिलं, तर तोच एक्सल पंचवीस-तीस हजारांना उघडावा लागतो. आतलं लॉकिंग युनिटच गेलं असेल तर बिल त्याच्याही पुढे जातं. यवतमाळ जिल्ह्यात अशा गाड्या आता गावोगावी दिसतात, पण त्यांच्या पोटात काय आहे हे विकणाऱ्याने नीट सांगितलेलं नसतं आणि घेणाऱ्याने विचारलेलं नसतं.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं कोरड्या जमिनीवर स्वस्थ उभं असतं, कारण साधा डिफरन्शिअल सगळा जोर सोप्या बाजूला जाऊ देतो. मग टाचेने डिफरन्शिअल लॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर वावरातून बाहेर येतो. वळताना मात्र ते पेडल सोडायचं, नाहीतर आतले दात तुटतात. गाड्यांमध्ये हेच काम तीन-चार वेगवेगळ्या पद्धतींनी होतं. प्रत्येक पद्धतीचा खर्च वेगळा असल्याने आपल्या गाडीत कुठली आहे हे आधी ठरवा.

फोर्स गुरख्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने हाताने लावायचे लॉक असतात. थार रॉक्सच्या वरच्या प्रकारांत बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. थार फोर-बाय-फोरच्या आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही प्रकारांत, तसंच 2021 साली आलेल्या बोलेरो निओच्या एन-10 ऑप्शन या प्रकारात, ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल असतो. त्याला बटणही नाही आणि पेडलही नाही, तो आपोआप लागतो. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘ब्रेक लॉकिंग’ असं लिहिलेलं असतं. तो मुळात लॉक नव्हेच. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणक दाबतो, एवढंच. त्यात झिजतात ते ब्रेक पॅड, आणि एक्सल उघडण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे नुसतं ‘थार आहे’ म्हणून चालणार नाही. चासी नंबर देऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जुनी गाडी घेताना तर हे आधी करा.

ईटनचं हे युनिट सरळ रस्त्यावर आणि वळणावर साध्या डिफरन्शिअलसारखंच वागतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि कॅम प्लेट क्लचच्या चकत्या दाबून दोन्ही चाकं बांधते. ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच्या वेगापुढे ते लागत नाही, तशी त्याची रचनाच आहे. लागताना ‘थाड’ असा आवाज येतो आणि तो दोष नसतो. गाडी वर उचलून एक चाक हळू फिरवलं तर दुसरं उलट फिरतं. ते पाहून काही मिस्त्री ‘यात लॉकच नाही’ असं ठामपणे सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका, हळू फिरवल्यावर ते युनिट उलटंच फिरायला हवं.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत हीच कल्पना 1970 च्या दशकापासून आहे. तिथल्या चालकांनी तिला ‘गव्ह-बॉम्ब’ असं खवचट नावही दिलंय. अडकलेल्या गाडीवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, चाक भन्नाट फिरत असताना अचानक लॉक लागलं आणि त्याच क्षणी टायरने पकड घेतली, तर सगळा झटका आतल्या दातांवर बसतो आणि युनिट फुटतं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते. पांदण रस्त्यावर ऑगस्टमध्ये एक चाक चरात आणि दुसरं धुऱ्याकडे चढलेलं, ही नेहमीचीच स्थिती. अशा वेळी पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर अगदी थोडा, स्थिर ठेवा. चाक फिरू द्या, ‘थाड’ ऐकू येईल, मग गाडी हलेल. लॉक लागेपर्यंत धीर धरायला पैसे पडत नाहीत. इंजिन किंचाळेपर्यंत रेस दिली तर मात्र पुढचा सगळा मजकूर तुमच्या कामाचा आहे.

तेल

खाली दिलेले भाव ढोबळ आहेत, कोटेशन तपासताना हाताशी ठेवावेत एवढ्यासाठी. 80 डब्ल्यू-90 दर्जाचं, जीएल-5 लिहिलेलं साधं गिअर ऑइल लिटरला 300 ते 500 रुपयांच्या आसपास मिळतं. सिंथेटिक 75 डब्ल्यू-90 सातशेच्या पुढे सुरू होतं. मागच्या एक्सलमध्ये किती लिटर बसतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. या वर्गातल्या गाड्यांना बहुधा दीड ते अडीच लिटर लागतं. खासगी गॅरेजची मजुरी दोनशे ते पाचशे. गिअरबॉक्सचं जीएल-4 आणि एक्सलचं जीएल-5 यांची अदलाबदल करू नका. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला. काउंटरवाल्याने ‘याच्यात ही बाटली पण टाका’ म्हणत लिमिटेड-स्लिपचं, म्हणजे चाकाचं घसरणं मर्यादेत ठेवणाऱ्या डिफरन्शिअलचं, अॅडिटिव्ह पुढे केलं, तर ते पुस्तिकेत आहे का ते आधी पाहा. चकत्यांच्या लिमिटेड-स्लिपला ते लागतं, प्रत्येक लॉकिंग युनिटला नाही.

तेल काढायच्या आधी भरायचा बोल्ट उघडतो का ते पाहायला सांगा. खालचा बोल्ट उघडून तेल सांडून बसलं आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी तिथेच उभी राहते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा नेहमीचाच समजा. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर काळजी करा. बदलायचं अंतर पुस्तिकेतलंच धरा, पण वर्षातले चार महिने चिखलात आणि उरलेले धुळीत जाणाऱ्या गाडीला ते निम्म्यावर आणा. वणी-राजूर भागात कोळशाच्या आणि चुन्याच्या धुळीत राबणाऱ्या गाडीलाही हाच नियम लावा.

पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर अंतर पाहतच बसू नका. 2023 च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढलं तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. पैनगंगा, पूस, अडाण, बेंबळा या नद्यांच्या काठच्या गावांना पावसाळ्यात पाण्यातून वाट काढणं नवं नाही. एक्सलच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी एक छोटी नळी असते. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि नळीचं तोंड बुडालेलं असेल किंवा सील सैल असेल तर पाणी आत ओढलं जातं. बाहेर आलेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर त्याच दिवशी ते बदला. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला. दोन्ही वेळचं मिळून तीन-चार हजार जातील. पाणी तसंच राहिलं तर बेअरिंग गंजतात आणि मग हिशेब हजारांवरून थेट दहा हजारांच्या घरात जातो.

आवाजावरून

साठ-सत्तरच्या वेगाला घूं घूं आवाज येतो म्हणून लगेच एक्सल उघडू देऊ नका. आधी टायर पुढचे मागे करा. टायर वेडेवाकडे झिजले असतील तर तो आवाज टायरबरोबर जागा बदलतो आणि तुमचे पंचवीस हजार वाचतात. मग चाकाचं बेअरिंग तपासा. डावीकडे-उजवीकडे वजन टाकल्यावर आवाज कमीजास्त होत असेल तर दोष बहुधा तिथेच असतो. वेग वाढवताना आवाज आणि पाय काढल्यावर शांत, असं होत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीवर, जातो. पाय काढल्यावरच घरघर होत असेल तर पिनियनच्या बेअरिंगकडे पाहा. गिअर टाकताना ‘खट्ट’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आधी हलवून पाहा. तो बदलणं एक्सल उघडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

तेल गळत असेल तर पिनियनचं सील काही शे रुपयांचं असतं आणि मजुरीसह काम दोनेक हजारांत व्हायला हवं. यात एक चलाखी चालते. पिनियनचा मोठा नट मशीनने खोलून, सील बदलून तोच नट अंदाजाने आवळला जातो. आत दाबली जाणारी बारीक बुशी असते. नट जास्त आवळला तर बेअरिंगवर ताण येतो, कमी आवळला तर पिनियन हलतो, आणि सहा महिन्यांत दातच जातात. खोलायच्या आधी नटाची जागा खुणावली का आणि फिरवायचा जोर मोजला का, एवढं विचारा. ‘हाताला कळतं’ असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या.

पूर्ण उघडणं

पूर्ण कामात साधारण काय येतं? पिनियनचे दोन आणि बाजूचे दोन असे चार बेअरिंग, मिळून चार ते आठ हजार. क्राऊन-पिनियनची जोडी दहा ते वीस हजार. ती जोडीनेच बदलायची, एक चाक जुनं आणि दुसरं नवं चालत नाही. सील, बुशी, नवा नट आणि तेल यांचे दोनेक हजार. मजुरी खासगीत चार ते आठ हजार, कंपनीच्या कार्यशाळेत त्याहून जास्त. लॉकिंग युनिटचा भाव मात्र मी इथे देत नाही. तो मॉडेलप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे खूप बदलतो, आणि त्याचे सुटे भाग सहसा वेगळे मिळत नाहीत, पूर्ण युनिटच घ्यावं लागतं. म्हणून आधी लेखी कोटेशन मागा. बेअरिंग गेलंय आणि युनिट शाबूत आहे, असं असताना दोन्ही बदलायचा आग्रह झाला तर का ते विचारा, फुटलेला दात डोळ्यांनी पाहा.

खर्चातला मोठा भाग मोजणीचा असतो आणि तिथेच कंजुषी होते. क्राऊन आणि पिनियनच्या दातांत मोकळीक ठेवावी लागते. ती बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतकी असते आणि डायल गेजनेच मोजता येते. दातांना रंग लावून ठसा पाहायचा, तो दाताच्या मध्यावर यायला हवा. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही तिथे हे काम देऊ नका, मजुरी निम्मी असली तरी. जिल्ह्यात असा मिस्त्री मिळाला नाही तर यवतमाळहून अमरावती जवळ आहे, वणीहून चंद्रपूर, पुसद-उमरखेडहून नांदेड. नागपूर यवतमाळहून दीडशे किलोमीटर. किलोमीटरला 25 ते 40 रुपयांनी तिथवर गाडी उचलून न्यायला पावणेचार ते सहा हजार लागतील. चुकीच्या जुळणीनंतर तोच एक्सल पुन्हा उघडण्यापेक्षा हे स्वस्त.

नवी जोडी बसवल्यावर पहिले काही प्रवास छोटे ठेवा, मधे एक्सल गार होऊ द्या, ओझं ओढू नका. हजारेक किलोमीटरला तेल बदला, त्यात नव्या दातांचा चुरा असतो.

शर्यतीच्या गाडीत चकत्यांचा खरा लिमिटेड-स्लिप असतो. नाशिकच्या रॅलीला धावणाऱ्या गाड्यांत तो ठरावीक स्पर्धांनंतर उघडून चकत्यांची जाडी आणि सुटायला लागणारा जोर मोजतात. तंग वळणावर कुरकुर वाढली तर आधी योग्य तेल घालून इंग्रजी आठच्या आकड्यात हळू फेऱ्या मारतात, तरीही न थांबल्यास चकत्या बदलतात. दातांवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकारात चकत्याच नसतात, म्हणून देखभाल कमी. हौस म्हणून रोजच्या गाडीत बाहेरून आणलेला लिमिटेड-स्लिप बसवायचा विचार असेल तर माझं मत ‘नको’ असंच आहे. चकत्या आयात करायच्या, जुळणीला पुणे किंवा कोईम्बतूर गाठायचं आणि वॉरंटीवर पाणी सोडायचं, आणि एवढं करून दारव्ह्याच्या रस्त्यावर तो कधी लागणारही नाही. त्या पैशांत चांगले टायर घ्या.

कोणताही लॉक किंवा लिमिटेड-स्लिप असला तरी मागचं एकच चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाक ओढ घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

बिलाकडे पाहताना लक्षात ठेवा, 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. आधी अनेक भागांवर तो 28 होता. तीस हजारांच्या भागांवर तीन हजारांचा फरक पडतो, तेव्हा जुन्या दराने कर लावलेला नाही ना ते पाहा. विम्याकडून झीज आणि यांत्रिक बिघाडाचे पैसे मिळत नाहीत. पुरात गाडी बुडाली असेल तर सर्वंकष पॉलिसीत दावा करता येतो, पण त्यासाठी विमा कंपनीला कळवण्याआधी एक्सल खोलू नका.

गाडी देताना जॉब कार्ड, लेखी कोटेशन आणि काढलेले जुने भाग परत देण्याची अट, एवढं घ्या. काम बिघडलं आणि गॅरेजने हात झटकले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गॅरेज नागपूरचं असलं तरी तुम्ही राहता त्या यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.