केळवणाची ऑर्डर घेताय? आधी पत्रावळ फाडून बघा



व्हिडिओत मी केळवणाच्या सजावटीचं सामान दाखवलं. पण हिशोब आणि माझी एक फजिती सांगायची राहून गेली. ती इथे लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

केळवण आपल्याला नवीन नाही. लग्न ठरलं की मामा, मावशी, आत्या नवरीला किंवा नवरदेवाला घरी जेवायला बोलावतात, ओटी भरतात, आहेर करतात. हल्ली त्यात ताटाभोवती फुलांची महिरप आली, मागे पडदा आला, 'केळवण' लिहिलेली पाटी आली, उखाण्यांचं रील आलं. मोठ्या शहरात 'ब्रायडल शॉवर' म्हणतात ना, त्याच्या जवळचं आपलं हेच. आता तर मैत्रिणी मिळून वेगळं केळवण करतात. पंधरा ते तीस माणसं, घरचा हॉल नाहीतर गच्ची, तीन-चार तासांचा कार्यक्रम. मंडपवाल्याला एवढं छोटं काम परवडत नाही, म्हणून ही जागा आपल्यासारख्यांची आहे.

आता फजिती. पहिल्याच मोसमात मी स्टेटसला टाकलं, "१०० टक्के इको-फ्रेंडली केळवण". वसमत रोडच्या एका काकूंनी २५ माणसांची ऑर्डर दिली. मी घाऊक दुकानातून पानाचं चित्र छापलेल्या हिरव्या कागदी पत्रावळी आणल्या. वर 'नॅचरल' लिहिलेलं, मग मला आणखी काय पाहिजे? जेवणं झाली आणि नवरीची अकरावीतली बहीण गप्पा मारता मारता पत्रावळ फाडत बसली. वरून पातळ चकचकीत पापुद्रा सोलून निघाला. "ताई, हे प्लॅस्टिक आहे ना?" सगळ्यांसमोर! काकू काही बोलल्या नाहीत. मी पत्रावळींचे पैसे परत केले. पैशाचं एवढं काही नाही, पण त्या वर्षी त्या गल्लीतून दुसरी ऑर्डर आली नाही.

बरेच दिवस मी घाऊकवाल्याला दोष देत फिरले. खरं सांगू का, तपासायचं काम माझंच होतं. ग्राहकाने नाव माझं ऐकलं होतं, त्याचं नाही.

आणि हा फक्त लाजेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक-थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताट-वाट्या, पेले, चमचे बंद झाले. जुलै २०२२ मध्ये प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी डिश, कप, ग्लासही त्यात आले. त्याच महिन्यात, १ जुलै २०२२ पासून, देशभर सजावटीचा थर्माकोल, फुग्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची फिल्म यांवर बंदी आली. म्हणजे थर्माकोल कापून केलेलं 'केळवण' हे नावसुद्धा चालत नाही, बाजारात मिळत असलं तरी. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी दंड ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० व तीन महिने कैद.

शिवाय १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द नुसते वापरायचे नाहीत, नेमकं काय आणि कशाच्या आधारावर ते सांगायचं. आपल्या स्टेटसवर कोण लक्ष ठेवतंय, असं म्हणू नका. अकरावीतली मुलगी ठेवते.

म्हणून आता मी 'इको-फ्रेंडली' हा शब्दच लिहीत नाही. यादी लिहिते: "स्टीलची ताटं. पळसाच्या पानांचे द्रोण. झेंडूची ताजी फुलं. कापडी पडदा. लाकडी पाटी, नाव खडूने. प्लॅस्टिकची बाटली नाही." गिऱ्हाईक प्रत्येक ओळ हाताने तपासू शकतं. आणि गंमत म्हणजे यादी वाचल्यावर घासाघीस कमी होते. कारण समोरच्याला दिसतं की पैसे कशाचे आहेत.

पत्रावळीची परीक्षा सोपी आहे. एक घ्या, फाडा, कडेने नखाने सोलून बघा. पापुद्रा ताणला जाऊन वेगळा निघाला की परत करा. पळसाची खरी पत्रावळ काड्यांनी टाचलेली असते. ती कोरडी पडली की तडकते, म्हणून वाढायच्या आधी पाण्याचा हलका हात फिरवा, आणि काडीची टोकं वर आलेली नाहीत ना, तेही बघा. केळीचं पान फोटोत छान दिसतं, पण आपल्या परभणीच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत सुकतं. ओल्या कापडात गुंडाळून न्या आणि ऐन वेळी मांडा.

माझं मत विचाराल तर ताटं स्टीलचीच घ्या. ३० संच, म्हणजे ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. मला एक संच २८० ला पडला, एकूण ८,४००. नुसते भाड्याने दिले तर संचाला १२ रुपये, म्हणजे ३६० मिळतात. त्यातून घासणाऱ्या मावशींचे १५० गेले की उरतात २१०. ४० ऑर्डरी झाल्यावर कुठे पैसे वसूल! म्हणून नुसती भांडी भाड्याने देऊ नका, सजावटीच्या पॅकेजमध्येच घाला.

माझं पॅकेज २,५०० चं आहे. एका ऑर्डरीचा खर्च असा: फुलं २६०, रांगोळी ४०, ऑटोचं जाणं-येणं ३००, मदतनीस मुलीचे ४००, घासणं आणि पडद्याची धुलाई मिळून २००, सामानाची झीज २००. बेरीज १,४००. हातात राहतात १,१००. आता स्वतःचे तास मोजा. माझे सहा जातात, म्हणजे तासाला साधारण १८३ रुपये. फार नाही, पण खोटंही नाही. बरेच जण झीज आणि स्वतःचे तास धरतच नाहीत, आणि मोसम संपला की विचारतात, पैसे गेले कुठे? आता वरचा दंड या हिशोबात बसवून बघा. पहिला दंड म्हणजे साडेचार ऑर्डरींची कमाई.

पडद्यासाठी मी नवीन कापड जवळजवळ घेतच नाही. गिऱ्हाइकाच्या घरातली आजीची इरकल किंवा पैठणी मागते. बांबूच्या चौकटीवर घड्या घालून सोडते, टाचणी कधीच लावत नाही, दोरीने बांधते. फोटो बघून आजी रडतात, आणि पुढची ऑर्डर त्या फोटोवरच येते.

पाण्याला पाहुणे लहान बाटल्या मागतात. तिथे जारचं पाणी माठात ओता, वर ओलं फडकं, शेजारी पेले. उन्हाळ्यात माठाला नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. अन्न हा मात्र नाजूक विषय आहे. केळवणात आग्रह होणारच, आपण बाहेरचे काय बोलणार? मी एवढंच करते की वाट्या लहान ठेवते आणि गोड पदार्थ ताटात न वाढता मागून फिरवायला सांगते. उष्टं कमी पडतं, घासणाऱ्या मावशीही खूश.

रिटर्न गिफ्ट म्हणून रोपं द्यायची हौस सगळ्यांना असते. एप्रिल-मेमध्ये देऊ नका, आठवड्यात जळतात. त्यापेक्षा बचत गटाकडून शिवलेली कापडी पिशवी आणि त्यात गूळ-शेंगदाणे. बाजाराला जाताना पिशवी वापरली जाते.

अनामत १,००० रुपये आधीच घ्या, जवळच्या नात्यातही. ताटं हरवत नाहीत, चमचे हरवतात. देताना आणि घेताना मोजणीच्या कागदावर दोघांची सही हवी. ऑर्डर पक्की करताना निम्मे पैसे आणि यादीवर होकार, दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

सामानाची खरेदी दिवाळीच्या आधी उरकून ठेवा. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, आणि पहिल्या केळवणाचा फोन त्याच आठवड्यात येतो.