इंग्रजी क्रियाविशेषणांचा तरतमभाव
(उपदेशक बंधू व मुलांचा अभ्यास घेणारे पालक ह्यांच्यासाठी पाठ)



हा विषय मी का घेतला, ते आरंभीच कबूल करतो. पाळकपणाच्या पहिल्या वर्षांत मंडळीतील एक गरीब व कष्टाळू तरुण माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास आला. एका ठिकाणी नोकरीची जागा रिकामी होती व पत्र इंग्रजीत हवे होते. मी मोठ्या प्रेमाने लिहिले, "ही वर्क्स हार्डली." माझ्या मनात होते, 'तो कष्टाने काम करतो.' पण 'हार्डली' ह्या शब्दाचा अर्थ 'जेमतेम, क्वचितच' असा आहे. वाचणाऱ्याने एक तर मुलगा कामचुकार आहे असे समजावे, किंवा पाळकाला इंग्रजी येत नाही असे समजावे. दोहोंपैकी काहीही झाले तरी मुलाचे हित नव्हते. ती जागा दुसऱ्याला मिळाली. माझ्या पत्रामुळेच असे घडले, हे मी सांगू शकत नाही. परंतु पुढे चूक कळली, तेव्हा त्या मुलाच्या दारी जाऊन मी क्षमा मागितली. तेव्हापासून हे प्रकरण मी जपून शिकवितो.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीस आरंभ झाला. त्यामुळे ज्या घरात आईबापांनी इंग्रजी अक्षर गिरविले नव्हते, त्या घरातील लेकरूही आता दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते आणि उपदेशकाला विचारते, "हा शब्द असा का?" परक्या भाषेत चुकण्याची लाज बाळगू नये. विल्यम केरी ह्यांनाही मराठी परकीच होती. तरी त्यांनी पंडितांच्या पायाशी बसून ती शिकून १८०५ साली बंगालातील श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले. त्यांनी आपली भाषा शिकण्याचे श्रम घेतले, तर आपणही थोडे श्रम घ्यावे.

१. क्रियाविशेषण कसे ओळखावे?

क्रियापदाला 'कसे? केव्हा? किती?' असे विचारावे. जे उत्तर येईल ते क्रियाविशेषण. 'मुलगी चांगले गाते.' कसे गाते? चांगले. येथेच आपल्या मुलांची पहिली चूक होते. मराठीत 'गाणे चांगले आहे' आणि 'ती चांगले गाते' ह्या दोन्ही ठिकाणी 'चांगले' हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत नामाविषयी सांगताना 'गुड', पण क्रियेविषयी सांगताना 'वेल' म्हणावे लागते. म्हणून "शी सिंग्ज गुड" असे न म्हणता "शी सिंग्ज वेल" असे म्हणावे.

२. तरतमभाव म्हणजे काय?

दोन क्रियांची तुलना करून एकीला अधिक म्हणणे हा 'तर' भाव. अनेकांत एकीला सर्वांत अधिक म्हणणे हा 'तम' भाव. हे नाव संस्कृतातील 'तर' व 'तम' ह्या प्रत्ययांवरून पडले आहे. उदाहरणार्थ, उच्चतर, उच्चतम. मराठीत बोलताना आपण शब्दाचे रूप बदलत नाही. 'लवकर' हा शब्द तसाच राहतो. त्यापूर्वी 'त्याच्यापेक्षा' किंवा 'सर्वांत' असे लावून काम भागते. इंग्रजीत मात्र शब्दाच्या शेवटी प्रत्यय लागतो, किंवा आधी साहाय्यक शब्द येतो.

इंग्रजीचा 'एस्ट' हा प्रत्यय आपल्याला अगदी अनोळखी नाही. संस्कृतात 'इष्ठ' असा प्रत्यय आहे. तो श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ ह्या शब्दांत दिसतो. 'इष्ठ' व 'एस्ट' हे एकाच प्राचीन भाषेपासून आलेले सख्खे भाऊ आहेत. आपला 'स्वादिष्ट' हा शब्द व इंग्रजांचा 'स्वीटेस्ट' हा शब्द ह्यांचे मूळही एकच. मुलांना हे सांगावे, म्हणजे नियम पाठ करणे सुलभ होईल.

३. तीन नियम

पहिला नियम: ज्या लहान शब्दाचे विशेषण व क्रियाविशेषण एकच असते, त्याला 'अर' व 'एस्ट' लावावे. फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. हार्ड, हार्डर, हार्डेस्ट. 'लाँग', 'हाय', 'नियर' हे शब्दही ह्याच रीतीने चालतात. 'सून' हा नुसता क्रियाविशेषण असला तरी त्याचीही रूपे सूनर, सूनेस्ट अशीच होतात. 'अर्ली' ह्याच्या शेवटी 'ली' दिसते, तरी तो विशेषणही आहे. म्हणून त्याची रूपे अर्लियर, अर्लिएस्ट अशी होतात.

दुसरा नियम: विशेषणाला 'ली' लावून जे क्रियाविशेषण बनते, त्याच्यापूर्वी 'मोर' व 'मोस्ट' ठेवावे. स्लोली, मोर स्लोली, मोस्ट स्लोली. क्लिअरली, मोर क्लिअरली, मोस्ट क्लिअरली. बोलण्यात 'स्लोअर', 'क्विकर' अशी रूपेही ऐकू येतात. परंतु परीक्षेत व पत्रात वरील रीत सुरक्षित. 'ऑफन' ह्याचे आज बहुधा 'मोर ऑफन' असे करतात. १६११ च्या इंग्रजी शास्त्रात मात्र प्रेषितांची कृत्ये २४:२६ येथे 'ऑफनर' असे जुने रूप आढळते.

तिसरा नियम: काही शब्द कोणत्याच नियमात बसत नाहीत; ते पाठच करावे. वेल, बेटर, बेस्ट. बॅडली, वर्स, वर्स्ट. मच, मोर, मोस्ट. लिटल, लेस, लीस्ट. फार, फर्दर, फर्देस्ट.

४. चार सावधगिरीच्या गोष्टी

(अ) 'हार्ड' व 'हार्डली' ह्यांची कथा वर आलीच. तसेच 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नियर' म्हणजे जवळ, पण 'नियरली' म्हणजे जवळजवळ.

(आ) 'मोर बेटर', 'मोर फास्टर' असे कधी म्हणू नये. 'बेटर' ह्यातच अधिकपणा आला, दुसरा कशाला? पूर्वीच्या इंग्रजीत असे दुहेरी रूप चालत असे. १६११ च्या भाषांतरात कृत्ये २६:५ येथे 'मोस्ट' व 'एस्ट' हे दोन्ही एका विशेषणाला लागलेले आहेत. आज ती रीत उरली नाही.

(इ) मराठीत ज्याच्याशी तुलना करावयाची तो आधी येतो व त्याला 'पेक्षा' लागतो. इंग्रजीत तो शेवटी येतो व त्यापूर्वी 'दॅन' येतो. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे धावलेल्या शिष्यांविषयी आपण म्हणतो, 'पेत्रापेक्षा योहान अधिक वेगाने धावला.' इंग्रजीत: "जॉन रॅन फास्टर दॅन पीटर."

(ई) "आय हेल्प हर मोर दॅन यू" ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'तू तिला जितके साहाय्य करतोस त्याहून अधिक मी करतो', अथवा 'मी तुला जितके साहाय्य करतो त्याहून अधिक तिला करतो'. पहिला अर्थ हवा असल्यास शेवटी 'डू' जोडावे: "दॅन यू डू." संशय राहत नाही.

५. अभ्यास

उत्तरे झाकून मुलांकडून पुढील वाक्यांचे इंग्रजी करून घ्यावे.

१. आमची बंडी तुमच्या बंडीपेक्षा हळू चालते. (अवर कार्ट गोज मोर स्लोली दॅन युअर्स.)
२. रविवारी सर्वांत आधी कोण आले? (हू केम अर्लिएस्ट ऑन संडे?)
३. ती माझ्यापेक्षा चांगले वाचते. (शी रीड्ज बेटर दॅन आय डू.)
४. रोवणीच्या दिवसांत आई सर्वांत अधिक कष्ट करते. (मदर वर्क्स हार्डेस्ट इन द प्लांटिंग सीझन.)

६. शेवटचा विचार

वर (ई) मध्ये जो संशय सांगितला, तो केवळ शाळेच्या पुस्तकातला नाही. योहान २१:१५ येथे प्रभूने पेत्राला विचारले की, तुझी माझ्यावरील प्रीती ह्यांच्यापेक्षा अधिक आहे काय? 'ह्यांच्यापेक्षा' म्हणजे काय? हे इतर शिष्य जितकी प्रीती करतात त्याहून अधिक, की ह्या होड्या व जाळ्यांवर तुझी जितकी प्रीती आहे त्याहून अधिक? व्याकरणाने दोन्ही अर्थ संभवतात. पुष्कळ भाष्यकार पहिला अर्थ घेतात. कारण मत्तय २६:३३ येथे पेत्रानेच आपली इतरांशी तुलना करून, सर्व अडखळले तरी आपण अडखळणार नाही, अशी बढाई मारली होती. त्याच रात्री कोळशाच्या विस्तवाजवळ त्याने तीन वेळा नाकारले.

आता दुसऱ्या कोळशाच्या विस्तवाजवळ त्याचे उत्तर पाहा. प्रभूने 'अधिक' म्हणून विचारले; पेत्राने 'अधिक' हा शब्दच गाळला. आपली प्रीती आहे, आणि प्रभूला ती ठाऊक आहे, एवढेच तो बोलला. मग प्रभूनेही दुसऱ्या व तिसऱ्या वेळी 'ह्यांच्यापेक्षा' असे विचारले नाही. कळप मात्र त्याच्या हाती सोपविला.

बंधूंनो, मुलांना तरतमभाव नीट शिकवा. शिफारसपत्र लिहाल तेव्हा एकेक शब्द तपासून लिहा. कारण एका गरिबाची भाकर त्यावर अवलंबून असते. परंतु कोणत्या गावची मंडळी मोठी, कोणाचा उपदेश अधिक सरस, कोण आधी ख्रिस्ती झाला, असा तरतमभाव आपल्या बैठकीत शिरू लागला, तर पेत्राप्रमाणे तो शब्द गाळावा आणि कळप चारावयास जावे.

— एक पाळक, शहापूर (जि. भंडारा)